बेंगाझीच्या विहीणबाई

लोक सोळाव्या-सतराव्या वर्षी मोठे होतात. प्रेमभंग होतो, घर सुटतं, कुणी जवळचं जातं आणि पुढे आठवणी लिहायला बसलं की त्या वर्षांचं एक छान उदास प्रकरण तयार असतं. माझी ती वर्षं नागपुरात कॉलेजच्या एकांकिका बसवण्यात इतक्या मजेत गेली की मोठं व्हायचं राहूनच गेलं. लग्न झालं, मुलगी झाली, नवऱ्याच्या मागोमाग सस्काटूनला आले, उणे तीसमध्ये ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करायला शिकले, पण आतून मी होते तीच होते: पडदा कधी उघडतोय याची वाट बघत विंगेत चुळबुळणारी पोर. मी मोठी झाले ती पंचेचाळिशीत, आमच्याच लिव्हिंग रूममध्ये, भल्यामोठ्या टीव्हीसमोर, हातात ओटीचं तबक धरून. हे प्रकरण माझ्या लहानपणाच्या आठवणींत घालणार म्हटल्यावर ईशा, माझी मुलगी, फोनवर किंचाळलीच, "मॉम, यू वर ऑलरेडी ओल्ड!" असेन. पण पुस्तक माझं आहे, आणि मोठं केव्हा झाले ते मला ठाऊक आहे.

त्या घरात आम्ही चौघं राहत होतो. पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर असलेला माझा नवरा शिरीष, बारावीतली ईशा, मी, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आई म्हणायचो. खाली बेसमेंटमध्ये भाडेकरू म्हणून सलीम आणि हना हे लिबियातलं जोडपं. सलीम युनिव्हर्सिटीत मातीवर पीएचडी करत होता. हना तिकडे बेंगाझीत शाळेत शिकवायची, इथे घरीच असायची. माणूस एकटं घरी आहे हे आईंना बघवत नसे. आठवड्याभरात त्यांनी तिला वर बोलावून मेथी निवडायला बसवलं. आई शुद्ध शाकाहारी आणि हनाला हलालची काळजी, त्यामुळे दोघींना ग्रोसरीला नेणं म्हणजे दोन फूड इन्स्पेक्टर बरोबर नेण्यासारखं होतं. बिस्किटाचा पुडा आधी हना वाचणार, जिलेटिन आहे का. मग आईंच्या वतीनं मी वाचणार, अंडं आहे का. आणि दोन्ही परीक्षांत पास झालेला एखादा गरीब पुडा आमच्या गाडीत येणार. एकदा हनानं वर असिदा आणून दिला. कणकेचा मऊसूत गोळा, त्याच्या मध्ये खळगा, खळग्यात तूप आणि खजुराचा पाक. आईंनी एक घास घेतला आणि जाहीर केलं, "अगं, ही तर आपली उकडच. गोड केलीय एवढंच." त्या दिवसापासून हना त्यांना आई म्हणू लागली. तिचं मराठी म्हणजे 'आई', 'बास' आणि 'अजून नको', एवढ्यावर त्या घरात कुणाचंही भागलं असतं. बाकी आमचं सगळं बोलणं इंग्रजीतून चालायचं. इथे मी ते मराठीत करून सांगतेय, आणि नाटकवाली असल्यामुळे थोडं वाजवूनही सांगत असेन.

हनाच्या मागोमाग नजला आमच्या घरात आली. ही तिची शाळेपासूनची मैत्रीण, दातांची डॉक्टर, पुढे शिकायला म्हणून सस्काटूनलाच आलेली. नजला माझ्या जातीची होती. बेंगाझीच्या लग्नातल्या मावश्या ती अशा करून दाखवायची की अरबीचं अक्षर न समजता आई डोळ्याला पदर लावून हसायच्या. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात तिनं आमच्या सगळ्या नटांचे मेकअप केले आणि आमच्या खलनायकाला म्हणाली, "तुझे दात इतके वाईट आहेत की तुला रंग लावायची गरजच नाही." तिच्या एका गोष्टीची मात्र कधी नक्कल व्हायची नाही. तिच्या धाकट्या भावाला बेंगाझीत कुणीतरी गोळी घातली होती. हे तिनं मला आमच्या सोफ्यावर बसून एकदाच सांगितलं, तेव्हा तिचा हात हनाच्या हातात होता आणि दोघीही रडत होत्या. मी चहा टाकायला उठले. बातम्यांत लिबिया आला की मी चॅनल बदलायची. तिकडे कोण कुणाशी लढतंय ते मला कधी कळलं नव्हतं, आणि कळून घ्यावं असं वाटलंही नव्हतं.

हनाला दिवस गेले आणि आईंच्या अंगात वारं शिरलं. सलीमची आई कधीच वारलेली. त्यामुळे आईंनी स्वतःची सासू म्हणून परस्पर नेमणूक करून टाकली. "सातव्यात डोहाळजेवण करायचं. मी सासरची, तू हौशी नणंद," त्या मला म्हणाल्या. हनाला विचारलं. तिनं सलीमला विचारलं, सलीमनं बराच विचार करून सांगितलं की कुंकू आणि आरती नको, बाकी खाणंपिणं, फुलं, गाणी यांत काय हरकत आहे. आई लगेच तयार. "कुंकवाच्या जागी अत्तर लावू. काय अडतंय?" पण एका ठिकाणी त्यांचं अडलं. ओटी माहेरची पाहिजे. आधी माहेरची ओटी भरली जाते, मग बाकीच्यांच्या. माहेरचं कुणीच समोर नाही म्हणजे काय? पोर पोरकी आहे का? यावर मी, विंगेतली पोर, टुणकन उडी मारून म्हणाले, "आई, माहेर टीव्हीवर आणू!"

हनाला अर्थातच सांगायचं नव्हतं, सरप्राइज होतं. आपल्याकडे कुठलंही शुभकार्य सरप्राइजशिवाय पुरं होत नाही, हा रोग आम्ही कॅनडात येऊन जास्तच वाढवून ठेवलाय. मी सलीमकडे त्याच्या सासूचा नंबर मागितला. तो उगाच फोन चाळू लागला. म्हणाला, "नुसता आवाज बरा. व्हिडिओ नको. तिकडे नेट नसतं, वीज नसते." मला वाटलं, लाजतोय. आईंनी माझ्यामार्फत उलटा सवाल केला, "ओटी काय आवाजानं भरतात?" आईंपुढे नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सलीमनं नंबर दिला, सासूला फोन करून वेळही कळवली. पुढे तो म्हणाला की तारेक, म्हणजे हनाचा थोरला भाऊ, घरी फिरकायचाच नाही, म्हणून त्याला भरवसा वाटला होता. तारेक? आम्हाला तर हनानं सांगितलं होतं की तारेक इस्तंबूलला कपड्यांचा व्यापार करतो. नजलालाही तिनं तेच सांगितलं होतं.

त्या शनिवारचा सेट मी लावला होता आणि आजही सांगते, देखणा लावला होता. मागच्या भिंतीवर चंदेरी कागदाची चंद्रकोर. ग्रोसरीतल्या शेवंतीचे आणि कार्नेशनचे दागिने करून हनाला घातले. वेणी मात्र हिजाबवरून बांधली आणि ती इतकी शोभली की मंडळाच्या दोघीतिघींनी लगेच फोटो मागितले. हिरवी साडी आईंची. पुरुषांना बाहेर घालवलं होतं. शिरीष सलीमला घेऊन विंटर टायर बदलायला गेला. टीव्ही मी स्टँडवरून उतरवून चौरंगावर ठेवला, त्याला लॅपटॉप जोडला. आईंनी त्याच्या दोन्ही खांद्यांवरून, म्हणजे कोपऱ्यांवरून, शाल पांघरली आणि पुढ्यात विहिणीसाठी पाट-रांगोळी केली. पेढा आणि बर्फी झाकलेल्या दोन वाट्या तयार होत्या. हनानं एक वाटी उघडली, पेढा निघाला, मुलगा होणार म्हणून बायका ओरडल्या. नजला म्हणाली, "मिठाईला सोनोग्राफीतलं काय कळतं?" ती खिरीची वाटी घेऊन हनाच्या अगदी मागे, खुर्चीच्या हातावर बसली होती. मी हनाचे डोळे झाकले, ईशानं बटण दाबलं, घंटी वाजली, आणि पडद्यावर आल्या बेंगाझीच्या विहीणबाई.

काळ्या डोळ्यांच्या, गोल चेहऱ्याच्या, डोक्यावर फुलाफुलांचा रुमाल. मुलगी हिरव्या साडीत आणि फुलांत बघून त्या आधी तोंडावर हात घेऊन हसल्या आणि मग रडायलाच लागल्या. आई टीव्हीसमोर हात जोडून म्हणाल्या, "या विहीणबाई, उशीर केलात." मी ते भाषांतर करायला तोंड उघडलं होतं. हनाचा हात तोवर टेबलाकडे गेला होता. आनंदानं नव्हे. ती लॅपटॉपचं झाकण शोधत होती, आणि मी मूर्खासारखी तिचा हात धरून ओटीच्या तबकाकडे नेत होते. तेवढ्यात पडद्यावर मागचं दार उघडलं आणि एक माणूस पाण्याचे दोन कॅन घेऊन आत आला. दाढीवाला, उंच, तिशीतला. खांद्याला रायफल अडकवलेली, जशी आपली मुलं दप्तर अडकवतात. दंडावर काळी पट्टी, तिच्यावर पांढरी अक्षरं. त्यानं कॅन खाली ठेवले, आईच्या खांद्यावरून वाकून पडद्यात डोकावला आणि त्याचा चेहरा उजळला. काहीतरी विनोद केला असावा, कारण स्वतःच हसला. मग त्याचे डोळे हनाच्या मागे गेले. "नजला!" तो म्हणाला. आणि अत्यंत मायेनं, अगदी शेजारचा मुलगा जिन्यात भेटला की विचारतो तसं, त्यानं एक वाक्य विचारलं. त्याचा अर्थ मला नंतर कळला. तो विचारत होता, तुझ्या आईचे गुडघे अजून दुखतात का?

पहिल्या बोलल्या त्या आईच. "हा बाळाचा मामा का? ये रे बाबा, बस, टेक जरा." मग माझ्याकडे झुकून हळूच, "पोलिसात आहे का गं?" मी मान हलवली. काय सांगणार होते?

नजला उठली. तिनं खिरीची वाटी सिंकमध्ये नेली, साबण लावून धुतली, पुसली, ओट्यावर पालथी ठेवली. मग बूट घातले, जॅकेट घातलं, झिप वरपर्यंत ओढली. दारातून ती हनाला अरबीत एवढंच म्हणाली, आणि तेही मला नंतरच कळलं, "तू माझ्याबरोबर रडली होतीस." आणि गेली. टीव्हीवर विहीणबाई अजून मुलीला हाका मारत होत्या.

बायका घाईघाईनं आपापले डबे घेऊन पांगल्या. सलीम आल्यावर आमच्या डायनिंग टेबलाशी बसून आम्ही ते ऐकलं, जे मी इतकी वर्षं चॅनल बदलून टाळलं होतं. हुकूमशहा पडला तेव्हा तारेक त्याच्याविरुद्ध लढलेल्या पोरांत होता. तोवर तो एका शाळेत फुटबॉल शिकवायचा. हुकूमशहा गेला, बंदुका राहिल्या. गल्लीगल्लीत टोळ्या झाल्या. कुणी धर्मराज्य आणायला निघालेल्या, कुणी बंदर ताब्यात ठेवून बसलेल्या. बेंगाझीत माणसं पडायला लागली: जुने अंमलदार, वकील, वार्ताहर. कुणी मारलं ते कुणी सांगायचं नाही. मग एक जनरल उभा राहिला आणि म्हणाला, मी या सगळ्यांना साफ करणार. सगळ्यांना, निवड न करता. तेव्हा या टोळ्यांनी मिळून आघाडी केली; तारेकच्या दंडावरची पट्टी तिचीच. मला ते नीट कळेना. सलीमनं ओट्यावरचा मिसळणाचा डबा ओढला आणि त्यातल्या वाट्यांवर बोट ठेवत गेला. "ही तारेकसारखी, क्रांतीतली पोरं. ही धर्माची सत्ता हवी असलेली. ही बंदरातले तस्कर. आणि ही," त्यानं तिखटाच्या वाटीवर बोट टेकवलं, "ही काळ्या झेंड्याची. यांना आम्ही सगळेच काफिर वाटतो, तारेकसुद्धा. एरवी यांनी एकमेकांना मारलं असतं. जनरल आला म्हणून एका डब्यात बसलेत." मी आईंना मराठीत समजावत होते. त्या डब्याकडे बघत राहिल्या. "पण मग तिखट सगळ्यांनाच लागणार की," म्हणाल्या.

हना मान खाली घालून बसली होती. फुलं अजून अंगावर होती, कुणाला काढायची सुचली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "तो वाईट नाही. त्याला वाटतं तो आपली गल्ली सांभाळतोय." आणि मग, "नजलाच्या भावाला ज्यांनी मारलं, ते आता त्याच डब्यात आहेत. मला माहीत होतं. मी काय सांगणार होते तिला?" मला आठवतंय, मी तिच्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. आमच्या मेथी निवडणाऱ्या हनाची. आज सस्काटून सोडून इकडे कोक्विटलामच्या पावसात बसून हे लिहिताना त्या भीतीचं हसू येईल असं वाटलं होतं. येत नाही.

हिवाळा लागला आणि तारेकच्या मोहल्ल्याभोवतीचा फास आवळत गेला. जनरलच्या फौजेनं चारी बाजूंचे रस्ते बंद केले. आत आघाडीची उरलीसुरली माणसं, आणि त्यांच्याबरोबर त्यांची कुटुंबं. ती बाहेर येऊ शकत नव्हती, कारण बाहेरच्यांच्या लेखी तीही त्यातलीच. वर बातम्या येत की अशा लोकांची शहरातली घरं शेजाऱ्यांनीच जाळली. विहीणबाईंना मधुमेह. इन्शुलिन संपत आलेलं, पाणी खारं, पीठ किडकं. फोन कधी लागला तर दोन वाक्यं, मग खरखर. हनाचे पाय सुजले, तिचं खाणं तुटलं, डॉक्टरीणबाईंनी बीपी बघून दटावलं. विहिणीला बाहेर काढायला एकच माणूस होता. नजलाचे काका जनरलच्या फौजेत अधिकारी होते, आणि त्या रस्त्यांवरच्या चौक्या त्यांच्या हाताखाली होत्या. त्यांनी शब्द दिला तर म्हातारी जिवंत बाहेर येईल. आणि त्यांच्याकडे शब्द टाकू शकेल अशी एकच व्यक्ती आमच्यापासून नदीपलीकडच्या एका कॉन्डोत राहत होती. ती हनाचा फोन उचलत नव्हती.

"तू जा," आई मला म्हणाल्या. "तुला बोलता येतं."

नदीवरच्या पुलावरून गाडी चालवताना मी भाषणाची तालीम केली. स्वर कुठे लावायचा, कुठे थांबायचं, डोळ्यांत पाणी कुठे आणायचं, सगळं ठरवलं. रविवारची दुपार, सूर्य टळटळीत आणि थंडी अशी की नाकातला केस न् केस गोठावा. नजलानं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा करायला गेली. त्यांचा चहा सोपा नसतो. काळा, दाट, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहायचं, जोवर वर फेस चढत नाही तोवर. ती ओतत होती आणि मी भाषण विसरले होते.

"तिनं पाठवलं?"

"आईंनी पाठवलं."

"तुझ्या सासूला काय कळतं यातलं?"

"काही नाही. मलाही नाही."

"मग ऐक." ओतणं चालूच होतं. "माझा भाऊ फौजेच्या बँडमध्ये होता. ट्रम्पेट वाजवायचा. बंदूक त्याला धरताही येत नव्हती. शुक्रवारची नमाज संपवून पाव घेऊन घरी येत होता. बेकरीसमोर. पगार फौजेचा, एवढा गुन्हा."

"तारेकनं...?"

"नाही! तारेकनं नाही मारलं. तारेक आमच्या घरी फुटबॉल बघायला यायचा. पण ज्यांनी मारलं त्यांच्या शेजारी बसून तो आता जेवतो. त्यांच्याच ताटात. आणि मला विचारतो, आईचे गुडघे कसे आहेत?" फेस चढला होता. तिनं चहा माझ्यापुढे ठेवला. "माझ्या आईचे गुडघे कशानं गेले माहितीये? भावाच्या कबरीवर बसून बसून."

मी म्हणाले, "नजला, म्हातारीला इन्शुलिन नाहीये."

"मला माहीत आहे. मी त्या बाईच्या हातचं इतकं जेवलेय की माझ्या दातांत अजून तिचा मसाला असेल." ती हसली नाही. "तू माझ्याकडे काय मागतेयस, कळतंय तुला? काकांना फोन करून मी सांगायचं, तारेकच्या आईला सोडा. माझा भाऊ त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा. ते मला काय म्हणतील?"

रंगमंचावर संवाद विसरला तर प्रॉम्प्टर असतो. मी तो कडू गोड चहा संपवला. दाराशी तिनं माझा मफलर नीट गुंडाळला, लहान पोराचा गुंडाळतात तसा, आणि म्हणाली, "जा आता. पुन्हा येऊ नकोस."

हनाला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. पेढा चुकला, मुलगी झाली, इवलीशी पण ठणठणीत. आईंनी डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, खाली नेऊन दिली आणि जशीच्या तशी परत आणली. हना पोरीला पाजायची आणि फोनकडे बघायची. विहीणबाईंचा फोन बंद होता. सलीम युनिव्हर्सिटीतून आला की आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. आई दिवा लावताना काहीतरी पुटपुटायच्या, त्यात 'विहीणबाई' हा शब्द मला ऐकू यायचा. आणि घरात एखादं मूल नवं आलेलं असताना जी गडबड असते, लोक, भेटी, झबली-टोपडी, त्यातलं काही नव्हतं. मंडळातून कुणी आलं नाही. डोहाळजेवणाला आलेल्यांपैकी एकीनं मला ग्रोसरीत बाजूला घेऊन विचारलं, "अगं, तुम्ही पोलिसांत कळवलं की नाही?" तिच्याच मुलीनं त्या दिवशी हनाबरोबर सेल्फी काढला होता.

मग एका सकाळी सलीम जिन्यावरून धडधडत वर आला आणि शिरीषच्या गळ्यात पडला. विहीणबाई बाहेर आल्या होत्या. जिवंत. कुणाच्या तरी घरी होत्या, इन्शुलिन मिळालं होतं. कुणाच्या घरी, ते त्याला नीट सांगता येईना, किंवा सांगवेना. तारेक आतच होता.

त्याच आठवड्यात नजला आली. आमच्या पुढच्या दारानं, वर. खाली जायचं नाव नाही. बूट मॅटवर काढले, टेबलाशी बसली. आईंनी तिच्यापुढे लाडू ठेवला. आमच्या त्या घराची गंमत अशी की फर्नेसच्या पाइपमधून खालचा आवाज जसाच्या तसा वर यायचा. खाली पोरीनं टाहो फोडला आणि नजला दचकून जमिनीवरच्या जाळीकडे बघू लागली.

"मुलगी?"

"मुलगी."

"मिठाईला काय कळतं," ती म्हणाली. लाडू हातात फिरवत राहिली.

"काकांना मी फोन केला," ती म्हणाली. "त्यांनी मला जे काही म्हटलं ते मी तुला सांगणार नाही. मग म्हणाले, म्हातारी एकटी येईल. मुलगा चौकीच्या नजरेच्या टप्प्यात जरी दिसला तरी दोघं जागच्या जागी. तर म्हातारी अडून बसली. मुलाला सोडून येत नाही म्हणे. मग मी तिला फोन केला. मी. लागेपर्यंत करत राहिले. म्हटलं, मावशी, तुम्ही तिथे राहिलात म्हणून तारेक वाचणार नाही. तुम्ही त्याच्या प्रेताजवळ बसाल, माझी आई बसली तशी. ते तुम्हाला हवं असेल तर बसा."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. असं कुणी कुणाला बोलतं?

"ती आली. तारेकनं तिला भिंतीच्या आडापर्यंत सोडलं, तिथून पुढे ती एकटी चालत आली, पांढरा रुमाल धरून. काकांनी गाडीत घातलं. पण ठेवायची कुठे? तिच्या बहिणीनं दार उघडलं नाही. भावानं उघडलं नाही. घर जाळतील म्हणून घाबरले. शेवटी काका तिला आमच्या आईकडे घेऊन गेले."

"तुझ्या आईकडे?" माझा आवाज फाटला. आईंनी मला विचारलं, काय झालं? मी हातानंच थांबा म्हटलं.

"आमच्याकडे तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. ती तारेकची आई, माझी आई तिच्या मेलेल्या मुलाची आई. माझी आई तारेकचं नाव घरात उच्चारू शकत नाही. म्हणून माझ्याशी फोनवर बोलताना तिला हनाची आई म्हणते. रिकामी खोली घरात एकच आहे. तिथेच तिची गादी घातलीय."

कोणाची खोली, ते मी विचारलं नाही. पाइपमधून हनाचं अंगाई म्हणणं ऐकू येत होतं. नजला ऐकत होती, पण चेहरा हलत नव्हता.

"काल माझ्या आईनं फोनवर सांगितलं. ही बाई दुसऱ्याच दिवशी त्याचं कपाट उघडून बसली. शर्ट काढले सगळे. इतक्या दिवसांत कुणी हात लावला नव्हता. आणि इस्त्री करायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं तिला."

"मग? तुझी आई काय म्हणाली? थांबवलं नाही?"

"मीही तेच ओरडले. आई म्हणाली, नाही. ती कॉलरी करते, मी बाह्या करते." नजलानं लाडू तसाच ताटलीत ठेवला. "बोलत नाहीत एकमेकींशी. एक शब्द नाही. वीज आली की दोघी इस्त्रीला बसतात."